पगार इंग्रजीचा, पुरस्कार उर्दूचा

1969 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार पहिल्यांदाच उर्दूच्या वाट्याला आला. ‘गुल-ए-नग्मा’चे कवी फिराक गोरखपुरी एक लाख रुपयांचे मानकरी ठरले. गंमत अशी, की या गृहस्थांनी जन्मभर वर्गात शिकवलं ते इंग्रजी. रघुपती सहाय या मूळ नावानं 1930पासून सुमारे तीन दशकं ते अलाहाबाद विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात होते, आणि वर्ड्‌सवर्थ हा त्यांचा विशेष जिव्हाळ्याचा कवी.

फिराकांपुरतीच ही गोष्ट असती, तर एका अवलियाचा किस्सा म्हणून सोडून देता आली असती. पण या विभागाची मानचिन्हं एका रांगेत मांडली, की मोठी मजा दिसते. माणसं इंग्रजीची, आणि मान मात्र बहुतेक दुसऱ्याच भाषांचे.

विद्यापीठ 1887चं. सुरुवातीला त्याचं मुख्य काम परीक्षा घेण्याचं. शिकवणारं, निवासी विद्यापीठ म्हणून त्याची नवी घडी 1921च्या कायद्यानंतर बसली. बोधचिन्हावर वडाचं झाड आणि खाली लॅटिन बोधवाक्य: जितक्या फांद्या, तितके वृक्ष. इंग्रजी विभागानं हे वाक्य जरा जास्तच मनावर घेतलेलं दिसतं.

विभागाचा दरारा बसवला तो अमरनाथ झा यांनी. वडील गंगानाथ झा संस्कृतचे गाढे पंडित आणि याच विद्यापीठाचे कुलगुरू. मुलगा इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि 1938 मध्ये वडिलांच्याच खुर्चीत बसला. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाचं कुलगुरुपद, लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद आणि 1954 मध्ये पद्मभूषण. त्यांचं नाव आजही तिथल्या एका वसतिगृहाला आहे.

फिराकांचा पिंड अगदी वेगळा. सरकारी अधिकारपदासाठी निवड झालेली असताना ते सोडून असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेलेला हा माणूस. देशात इंग्रजी येतं ते अडीच माणसांना, असं ते म्हणत, अशी आख्यायिका आहे. त्यातला एक पूर्ण माणूस अर्थातच ते स्वतः. उरलेल्या दीड जागांवर कोण, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. पण त्यांच्या ‘रूप’मधल्या रुबाया उघडाव्यात, तर हा तोरा कुठल्या कुठे जातो. आई लेकराला न्हाऊ घालते, त्याच्या केसांतला गुंता सोडवते, गुडघ्यांत धरून कपडे चढवते, आणि ते पोर मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत राहतं. न्हाणीघरातलं हे घरगुती दृश्य उर्दूत आणणारा कवी तास घ्यायचा इंग्रजी कवितेचा.

हरिवंशराय बच्चन 1941 मध्ये विभागात रुजू झाले, तेव्हा ‘मधुशाला’ येऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे हिंदी काव्यसंमेलनं गाजवणारा कवी सकाळी इंग्रजीचा अध्यापक. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी येट्सवर डॉक्टरेट मिळवली, आणि परतल्यावर शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ आणि ‘ऑथेल्लो’ हिंदीत आणले. 1966 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती, 1968चा साहित्य अकादमी पुरस्कार, 1976 मध्ये पद्मभूषण आणि आत्मचरित्रासाठी पहिला सरस्वती सन्मान.

विजयदेव नारायण साही हेही इथलेच. समाजवादी चळवळीतला हा इंग्रजीचा प्राध्यापक हिंदीत ‘तिसरा सप्तक’चा कवी म्हणून ओळखला गेला, आणि समीक्षक म्हणून नाव राहिलं ते अवधीतल्या जायसीवरच्या पुस्तकामुळे.

मराठी वाचकाच्या ओळखीचा माणूस मात्र अरविंद कृष्ण मेहरोत्रा. ते इंग्रजीतच लिहिणारे, 1968मध्ये इथे शिकवू लागलेले. मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल यांच्यासोबत त्यांनी ‘क्लिअरिंग हाऊस’ ही कवींची प्रकाशनसंस्था उभी केली. कोलटकरांचं ‘जेजुरी’ 1976 मध्ये पुस्तकरूपात आलं ते तिथूनच. हालाच्या ‘गाथासप्तशती’तल्या महाराष्ट्री प्राकृत गाथा त्यांनी इंग्रजीत नेल्या. कोलटकर गेल्यावर त्यांच्या विखुरलेल्या कवितांचं ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ हे पुस्तक त्यांनी संपादित केलं, आणि ते काढलं अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’नं.

2009 मध्ये मेहरोत्रा ऑक्सफर्डच्या काव्य-प्राध्यापकपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. डेरेक वॉलकॉट यांनी आधीच माघार घेतलेली. रूथ पॅडेल यांना 297 मतं, मेहरोत्रांना 129. पॅडेल निवडून आल्या आणि नऊच दिवसांत पायउतार झाल्या. खुर्ची रिकामी झाली, तरी ती अलाहाबादला आली नाही.

इंग्रजीच्या नावावरचा मोठा सन्मान आला तो 2023 मध्ये. याच विभागात शिकवलेल्या नीलम सरन गौर यांच्या ‘रेक्विअम इन राग जानकी’ला साहित्य अकादमी मिळाली. विद्यापीठाचा इतिहास लिहिणाऱ्याही त्याच. कादंबरीची नायिका गायिका जानकीबाई. अंगावरच्या सुरीच्या वारांमुळे लोक तिला ‘छप्पन छुरी’ म्हणत. त्या काळच्या तबकडीवर गाणं संपलं, की गाणारी स्वतःच आपलं नाव सांगे. जानकीबाईच्या नावात गावही असे: इलाहाबादी.