अंदमानची सहल : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा



अंदमान हे नाव आपल्या घरात दरवर्षी मे महिन्यात निघते. मान्सून अंदमानात पोहोचल्याची बातमी आली की आपण बी-बियाण्यांच्या तयारीला लागतो. अलीकडे मात्र हे नाव दुसऱ्या कारणानेही निघू लागले आहे. सावरकरांची कोठडी पाहावी, समुद्र पाहावा म्हणून खेड्यापाड्यांतील कुटुंबे आई-वडिलांना आणि मुलांना घेऊन तिकडे जात आहेत. जरूर जावे. पण बेटावरची सहल म्हणजे पंढरपूरची वारी नव्हे. तेथे अडचण आली तर पुढची एसटी पकडून घरी येता येत नाही. म्हणून आधी जाऊन आलेल्यांना लागलेल्या ठेचा आपण समजून घेऊ या.

दिवस लवकर मावळतो

घड्याळ साऱ्या देशात एकच, पण सूर्य पूर्वेला आधी उगवतो. अंदमान आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या पूर्वेला सुमारे साडेअठरा रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे धरा, म्हणजे सव्वा तासाचा फरक झाला. हिवाळ्यात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि थोड्याच वेळात अंधार पडतो. दुपारी जेवून, वामकुक्षी करून चार वाजता समुद्रावर निघणाऱ्यांना हाती काही लागत नाही, शिवाय परतीच्या वाटेवर अंधारात चाचपडावे लागते. आपण तर पहाटे उठणारी माणसे. तेथेही पहाटेच उठावे आणि दिवस बुडण्यापूर्वी मुक्कामी यावे.

परतीचा दिवस घट्ट बांधू नका

डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळी हवामान झाले. हॅवलॉक बेटावर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. बोटी बंद झाल्या. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना सोडवून आणले. नोटाबंदी होऊन तेव्हा महिनाच झाला होता, म्हणजे हातात रोकड नसलेल्यांचे काय हाल झाले असतील, याची कल्पना करा.

यातून तीन गोष्टी शिकाव्यात. एक, ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या उपसागरात वादळांचा काळ असतो. रब्बीची कामे मार्गी लावून जानेवारी ते मार्चमध्ये जाणे बरे. दोन, लहान बेटावरून परतल्यावर लगेच त्याच दिवशीचे विमान धरू नये, मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा. घरी पोहोचण्याच्या दुसऱ्याच दिवशी ऊसतोड किंवा लग्नाची सुपारी ठरवू नये. गुरांची धार काढणाऱ्याला दोन दिवस जास्तीचे सांगून ठेवावे. तीन, रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे चार दिवस पुरतील इतकी जादा न्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत.

एक गोष्ट आणखी. हॅवलॉकचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचे २०२४ पासून श्री विजयपुरम असे झाले आहे. तिकिटावर वेगळे नाव पाहून भलत्याच बोटीच्या रांगेत उभे राहू नका.

बोटीत जागा नसेल तर बसू नका

२६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट बुडाली आणि २१ जण प्राणास मुकले. बोट सुमारे पंचवीस जणांची, पण तिच्यात चाळीसहून अधिक माणसे होती. आपल्याकडे जीपच्या टपावरही माणसे बसतात आणि बहुधा सुखरूप पोहोचतात, त्यामुळे भीड चेपलेली असते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर खाली उतरता येते, समुद्रात कोठे उतरणार? बोट भरलेली दिसली की खुशाल मागे राहा. गेलेले पैसे पुन्हा कमावता येतात. तरंगते जाकीट नुसते गळ्यात अडकवू नका, त्याचे सारे पट्टे आवळा. मुलांना त्यांच्या मापाचे मागून घ्या.

विहिरीतले पोहणे आणि समुद्र

आपली तरुण मुले विहिरीत सूर मारून तयार झालेली असतात. पण विहिरीचे पाणी स्थिर असते, समुद्राचे ओढून नेते. किनाऱ्यावर आपटलेल्या लाटांचे पाणी काही ठिकाणी पाटाच्या पाण्यासारखे जोराने आत धावते. त्या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, मग किनारा गाठावा. हे घरातील प्रत्येक मुलाला निघण्यापूर्वीच शिकवा.

नीलच्या किनाऱ्यावरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीच्या वेळीच जवळून पाहता येतो. वाट शेवाळलेल्या, धारदार खडकांची. चप्पल निसटून पाय मोडणे, प्रवाळाने तळवा कापणे हे तेथे नेहमीचे. मागे पट्टा असलेल्या रबरी सोलच्या चपला घाला आणि भरतीची वेळ स्थानिकांना विचारूनच खडकांवर उतरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, हे तर आपल्या पंचांगातच आहे.

खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या कडेला मगरी असतात. २०१० मध्ये हॅवलॉकच्या किनाऱ्यालगत एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीने बळी घेतला. सूचनेचा फलक दिसला की पाण्यात पाऊल टाकू नका.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामीही विसरू नये. किनाऱ्यावर असताना जमीन जोराने हादरली किंवा पाणी एकाएकी दूर मागे हटले, तर उघड्या पडलेल्या तळावर शिंपले वेचत बसू नका. सामान टाकून उंचावर पळा.

हात लावू नये अशा गोष्टी

मुलांनी गोळा केलेली प्रवाळे, शंख-शिंपले विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतात. प्रवाळ मेलेले असले तरी नेणे गुन्हाच आहे. दुकानातील वस्तू पावतीसह घ्यावी.

बाराटांगला जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. तेथे थांबणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे यास १९५६ च्या कायद्याच्या आधारे बंदी आहे. आपल्याला ही माया वाटते, पण आपल्या साध्या सर्दी-गोवराने त्या मोजक्या माणसांचा जीव जाऊ शकतो.

बायाबापड्यांसाठी दोन शब्द

बोटीत मळमळत असेल तर मधल्या, खालच्या भागात बसावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. उन्हाने, उलट्यांनी शक्ती गेली तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा. नारळाच्या झाडाखाली सावलीला बसू नये. नारळ पडताना कोणाला विचारून पडत नाही.

आयुष्यभर कष्ट केलेल्या आई-वडिलांना समुद्र दाखवणे हे पुण्याचेच काम आहे. ज्या उत्साहाने त्यांना नेले, त्याच उत्साहात त्यांना घराच्या उंबरठ्यावर परत आणावे, इतकेच सांगणे.