सूर नव्हे, सुरांची नोंद

शेतकरी बंधूंनो, घरच्या कॉम्प्युटरवर गाणं कसं बसवत असतील, असं तुम्ही विचाराल. १९८५ साली अटारी एसटी हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला. वाद्य जोडण्याची मिडी ही सोय त्यात मुळातच होती. पुढे १९८९ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने त्यासाठी क्युबेस हा सिक्वेन्सर काढला.

हा सिक्वेन्सर आवाज साठवत नसे, नोंद ठेवी. कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोरात आणि कधी सोडली, एवढंच. आवाज काढायचा तो जोडलेल्या कीबोर्डने. आपल्या पेरणीच्या वहीत दाणा नसतो. कुठे, काय, किती पेरलं ते असतं. तसंच हे. पडद्यावर ड्रम, बेस, पियानो यांच्या ओळी एकाखाली एक दिसत. एक सूर चुकला तर तेवढाच दुरुस्त करायचा, सगळं पुन्हा वाजवायला नको. नोंदी हलक्या, म्हणून १ मेगाबाइट मेमरीतही अख्खा वाद्यवृंद मावे. एकटा माणूस घरबसल्या तो बसवू शके.

मात्र फ्लॉपीवर उतरवण्याआधी वीज गेली, की दिवसभराची मेहनत पुसली जाई. तेव्हा बंधूंनो, नोंद ठेवाच. पण ती वेळेवर जपूनही ठेवा.