गोव्याला निघालात? ४५ पैशांची टिक केलीत का?

अखेर गोव्याचा प्लॅन ग्रुपवरून तिकिटापर्यंत पोचला? अभिनंदन! देवनारच्या आमच्या गँगचा नियमच आहे, कुर्ला टर्मिनसची गाडी बुक होईपर्यंत कुणावर विश्वास ठेवायचा नाही. पण बुकिंग करताना 'प्रवास विमा हवा का?' हा प्रश्न वाचलात का?

आयआरसीटीसीवर हा विमा माणशी ४५ पैशांत मिळतो. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, हॉस्पिटलच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. खिडकीवरच्या तिकिटाला तो मिळत नाही. बुकिंगनंतर विमा कंपनीची लिंक येते. जाहिरात समजून ती डिलीट करू नका, नॉमिनीचं नाव तिथेच भरायचं असतं.

पण हा विमा रेल्वेपुरताच! मडगावला उतरून भाड्याची स्कूटी घेतलीत की त्याचं काम संपलं. तिथे घरच्या मेडिक्लेममध्ये तुमचं नाव आहे का, ते आधी बघा. नसेल तर वेगळी पॉलिसी घ्या. ती निवडताना प्रीमियमच्या आधी 'काय कव्हर होत नाही' ते वाचा. पॅरासेलिंगसारखे प्रकार अनेक पॉलिसींत नसतात. लायसन्स नसताना किंवा दारू पिऊन गाडी चालवलीत, तर क्लेम विसराच.

आणि हो, पॉलिसीचा नंबर घरी पाठवून ठेवा. आई-बाबांना प्लॅनमधलं सगळं सांगत नसालच, एवढं तरी सांगा!