कोळशाचा गॅस खरंच ‘क्लीन’? मग एक प्रश्न विचाराच!

तुम्ही चंद्रपूरकडचे असाल, तर कोळसा काय चीज आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सकाळी वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी दोरीवरून काढताना बोटाला जे काळं लागतं ना, तेच ते. आता याच जिल्ह्यातल्या भद्रावतीत कोळशापासून गॅस तयार करायचा प्रकल्प येऊ घातलाय. २०२३ मध्ये दावोसला त्याचा सामंजस्य करारही झाला. जाहिरातीत शब्द असतो ‘क्लीन’. तो किती खरा?

आधी प्रक्रिया समजून घेऊ. कोळसा भरपूर हवेत जाळला की उष्णता मिळते आणि धूर होतो. तोच कोळसा बंद भट्टीत, मोजका ऑक्सिजन आणि वाफ सोडून प्रचंड तापवला, तर तो पूर्ण जळत नाही. त्याचा वायू होतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं हे मिश्रण म्हणजे सिनगॅस. त्यापासून मिथेनॉल, डिझेल, युरिया असं बरंच काही बनतं. गंधक आणि राख वाटेतच वेगळी काढता येते. इथपर्यंत ‘क्लीन’ शब्द शोभतो.

आपण कच्चं तेल ८० टक्क्यांहून जास्त आयात करतो आणि कोळसा मात्र पायाखाली आहे. म्हणून केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. पण हे एकट्या कंपनीचं काम नाही. कोल इंडियाकडे कोळसा आहे, गेलकडे पाइपलाइन आहे. दोघांनी मिळून पश्चिम बंगालमध्ये कोळशापासून गॅस करायचं ठरवलंय. भेलची जोड वेगळ्या कारणासाठी. आपल्या कोळशात राख खूप, अनेकदा ३० ते ४५ टक्के. परदेशी भट्ट्यांना ती झेपत नाही. भेलने हैदराबादला अशाच कोळशापासून मिथेनॉल करून दाखवलं, तेही दिवसाला पाव टन! प्रयोगशाळा ते कारखाना हे अंतर केवढं, ते यावरून कळेल.

ओडिशातल्या तालचेरला तर गेल, कोल इंडिया आणि आपली चेंबूरची आरसीएफ खत कारखान्यासाठी एकत्र आल्या. २०१८ च्या पायाभरणीत ३६ महिन्यांत उत्पादन सुरू होईल असं जाहीर झालं होतं. ते ३६ महिने केव्हाच उलटून गेले.

आता खरी मेख. कोळशात कार्बन भरपूर, हायड्रोजन कमी. इंधनाला मात्र हायड्रोजन जास्त लागतो. तो मिळवायला कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी अभिक्रिया करतात. हायड्रोजन मिळतो, पण सोबत कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. म्हणजे इंधन तुमच्या गाडीत पोचण्याआधीच ढीगभर कार्बन बाहेर! दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी १९५५ पासून कोळशापासून इंधन बनवते. तिचा सेकुंडाचा कारखाना आज एकाच ठिकाणाहून सर्वाधिक हरितगृह वायू सोडणाऱ्यांत अगदी वरच्या क्रमांकावर गणला जातो.

मग हे सगळं मोडीत काढायचं? तसंही नाही. इथला कार्बन डायऑक्साइड वीज केंद्राच्या धुरासारखा विरळ नसतो, एकवटलेला मिळतो. त्यामुळे पकडायला सोपा. अमेरिकेत नॉर्थ डकोटातला असा एक कारखाना २००० पासून तो पाइपने सीमेपलीकडे, कॅनडात पाठवतो आणि तिथे तो जमिनीत सोडतात. गंमत म्हणजे, तिथे तो वापरतात तो जुन्या विहिरींतून आणखी तेल उपसायला!

म्हणून ‘क्लीन’ हे विशेषण भट्टीला लागत नाही, पकडलेल्या कार्बनच्या हिशेबाला लागतं. आणि तो खर्च करारातल्या कोणत्या भागीदाराच्या माथी, यावरच सगळं अडतं.

उद्या तुमच्या कॉलेजात अशीच एखादी कंपनी प्लेसमेंटला येईल. चकाचक पीपीटी दाखवेल, शेवटी विचारेल, ‘‘एनी क्वेश्चन्स?’’ तेव्हा पॅकेजच्या आधी एकदा हात वर करून विचारा, ‘‘सर, तुमचा कार्बन डायऑक्साइड जातो कुठे?’’ उत्तर आकड्यांत मिळालं तर तिथे शिकण्यासारखं बरंच काही आहे. नुसतं हसू मिळालं, तर तेही उत्तरच समजा.