पदवीला न जाताही केंब्रिज!

परवा भाचीने विचारलं, "मावशी, पदवीला प्रवेश न घेता केंब्रिजमध्ये शिकता येतं?" येतं की! मी शिकून आलेय.

जूनच्या मध्यात तिथलं सत्र संपतं, मुलं घरी जातात, कॉलेजांच्या खोल्या रिकाम्या होतात. मग जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्यांसाठी छोटे उन्हाळी अभ्यासक्रम भरतात. विषय इतिहासापासून विज्ञानापर्यंत. परवडत असेल तर राहायची सोय कॉलेजातच घ्या. जुन्या लाकडी बाकांवर बसून, अनोळखी सहाध्यायांशी वाद घालत जेवण्यात निम्मं शिक्षण होतं!

जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वर्गानंतर भरपूर भटकता येतं. हिरवळीवर मात्र पाय ठेवू नका. बहुतेक कॉलेजांत तो मान फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ सदस्यांचा.

ट्रिनिटीचं रेन ग्रंथालय चुकवू नका. 'प्रिन्सिपिया'ची न्यूटनची स्वतःची प्रत तिथे आहे, त्याच्या हाताने दुरुस्त्या केलेली. शेजारचं सेंट जॉन्स म्हणजे आपल्या रँग्लर परांजप्यांचं कॉलेज. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत अव्वल, झालेले ते पहिले भारतीय. त्या अंगणात मला भरून आलं.

खर्च बराच येतो, पदवी मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतल्या सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणाला व्हिजिटर व्हिसा चालतो.

अर्ज, राहणं, विषयांची निवड, काहीही विचारा. सगळ्यांना उत्तर देईन.