घरात पोलिसांचा छुपा कॅमेरा? न्यूझीलंडमधले तुमचे हक्क

न्यूझीलंडमध्ये पोलीस तुमच्या घरात छुपा कॅमेरा बसवू शकतात का? हो, पण त्यासाठी न्यायाधीशांचं वॉरंट लागतं. हा नियम तसा नवा आहे. २००६-०७मध्ये पोलिसांनी उरेवेराच्या जंगलात तुहोए या माओरी जमातीच्या खासगी जमिनीवर कॅमेरे लपवले. सप्टेंबर २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चित्रण बेकायदा ठरवलं आणि बहुतेक आरोपींवरचे खटले मागे घेतले गेले.

मग २०१२चा 'सर्च अँड सर्व्हेलन्स' कायदा आला. घरात शिरून कॅमेरा लावायचा, तर संशयित गुन्हा साधारणपणे सात वर्षं किंवा अधिक कैदेचा हवा. वॉरंटची मुदत जास्तीत जास्त ६० दिवस. तातडीच्या प्रसंगी मात्र ४८ तासांपर्यंत वॉरंटशिवायही चालतं.

अवाजवी झडतीपासूनचं संरक्षण १९९०च्या हक्क कायद्यात प्रत्येकाला आहे. तुम्ही नागरिक असा वा व्हिसावर आलेले.