पगार कागदावर नसतो तेव्हा

कुरुंदवाडच्या शिवारात हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळघरांचे घाणे रात्रीही थांबत नाहीत. पहाटे पेंगलेल्या माणसाचा हात उसाबरोबर आत ओढला जायला क्षणही लागत नाही. अशीच एका तिशीतल्या कामगाराची तर्जनी मुळापासून गेली. त्याची कागदपत्रं लावायला मी सोबत बसलो.

पहिलाच कागद अडला. केसपेपरवर लिहिलं होतं, 'घरी कोयता लागला.' दवाखान्यात नेणाऱ्यानंच तसं सांगितलेलं. अपघात कामावर झाला हे दाखवल्याशिवाय दावा उभा राहत नाही, म्हणून घाण्यावरच्या दोघांचे जबाब लिहून घेतले. एकानं सही करताना तीनदा विचारलं, "मालकाला कळंल का?"

मग हिशेब. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात रीत ठरलेली आहे: मासिक पगाराच्या 60 टक्क्यांना वयाच्या घटकानं गुणायचं. तिसाव्या वर्षी हा घटक 207.98. पूर्ण तर्जनी गेली तर त्यातले 14 टक्के. पगार 15,000 रुपये धरला (2020 पासून हीच कमाल मर्यादा) तर 2,62,055 रुपये होतात. 10,000 धरला तर 1,74,703. बोट तेच, पण 87 हजारांचा फरक. आणि हजेरीची वही मालकाच्या घरात, उचल सगळी तोंडी! शेवटी मोबाइलवर आलेले पैसे आणि किराणा दुकानदाराची उधारीची वही हाताशी धरली.

या 14 टक्क्यांचा मला राग येतो. ज्याचं पोट बोटांवर आहे, त्याला हे कोष्टक काय काम करतोस म्हणून विचारत नाही. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या एका सुताराचं नुकसान सर्वोच्च न्यायालयानं 100 टक्के मानलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. हा दाखला अर्जात घातलाच पाहिजे.

दरम्यान मालकाकडून स्टँपपेपर आला: थोडे रोख पैसे घ्या, तक्रार नाही असं लिहून द्या. बायको म्हणाली, "घेऊन टाका." घरात चूल पेटवायची होती, तिला दोष कसा देणार? पण हक्क सोडल्याचा असा करार कायद्यानं रद्दबातल असतो. सही झाली असती तरी दोन वर्षांत कोल्हापूरला आयुक्तांपुढे दावा लावता आला असता. रक्कम महिनाभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज चढतं, सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, हिशेबाची रीत मात्र तीच राहिली. स्टँपपेपर कोराच परत गेला.